ताईंचा काढा

शोकसभेला लोक हसतमुखानं यायला लागले, तेव्हा धाकटा फाटकाशीच थबकला. मेलेल्या माणसाच्या घरी जाताना चेहरा पाडायची कुणी शिकवणी लावत नाही, तो आपोआप पडतो. पण ही मंडळी ताईच्या पॉलीहाऊसच्या फाटकाशी गाड्या लावून अशी उतरत होती, जणू नव्या रोपवाटिकेचं उद्घाटन आहे. एकानं तर आल्या आल्या टोमॅटोच्या वेलींपुढे उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला. मग ज्याच्यासाठी आलो ते आठवून चष्मा काढला आणि कोरडेच डोळे पुसले.

धाकटा हा ताईचा सख्खा भाऊ. पन्नाशी ओलांडली, डोक्यावर चंद्र उगवला, तरी ताईनं त्याला शेवटपर्यंत 'धाकट्या'च म्हटलं. त्यामुळे साऱ्या गोतावळ्याचा तो धाकटाच. मोठ्या रस्त्यावर त्याचं शेतीच्या औषधांचं दुकान. औषध म्हणजे कीड मारायचं विष, पण पाटीवर विष लिहून कुणाचा धंदा चालत नाही. शेतीची पदविका त्यानं काचेच्या चौकटीत गल्ल्याच्या वर टांगली होती. आणि त्याच्या सख्ख्या बहिणीनं गेल्या दोन वर्षांत त्या दुकानातून एक पुडी नेली नव्हती.

त्याला कारण होतं, आणि ते सांगितलंच पाहिजे. ताई वेडी नव्हती. फवारल्यावर टोमॅटो किती दिवसांनी तोडायचा, हे ती डब्यावरून वाचायची आणि तेवढे दिवस थांबायची. आजूबाजूचे लोक संध्याकाळी फवारायचे नि सकाळी तोडायचे, आणि बाजारात दोघांचा माल एकाच ढिगात जायचा. एकदा तिच्याकडे माल निवडायला येणाऱ्या बाईच्या हातांना फोड आले. बाई आधी दुसऱ्याच्या मळ्यावर काम करून आलेली. ताई तिला घेऊन तडक धाकट्याच्या दुकानात. "हे बघ, हे तुझं औषध." धाकटा म्हणाला, "काही होत नाही गं, साबणानं धू म्हणावं." 'काही होत नाही' हा या धंद्यातला नमस्कारच. येणाऱ्याला घालायचा, जाणाऱ्याला घालायचा. ताईनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं मान खाली घालून गल्ला आवरायला घेतला. त्या दिवसापासून ती दुकानात आली नाही.

तर ताईची भीती खरी होती. खोटं होतं ते तिला त्यावर मिळालेलं उत्तर.

उत्तर दिलं सरांनी. हे सर कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते. विम्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, गच्चीवर चार कुंड्या, गळ्यात मऊ आवाज आणि हातात फोन. फोनवर हजारो लोक त्यांना ऐकायचे. सरांचं एकच पालुपद: जे मातीतून आलं ते मातीसारखंच निर्धोक. धाकट्यानं ते ऐकलं आणि बहिणीला फोन लावला. "ताई, धोतराही मातीतूनच उगवतो. एक फळ खाऊन दाखव म्हणावं तुझ्या सरांना."

"तू नाही बोलत, तुझं दुकान बोलतंय," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

औषधांऐवजी फवारायला सर घरगुती काढे सांगायचे; त्यांत सगळ्यात गाजलेला तंबाखूचा. तंबाखू भिजवायचा, उकळायचा, गाळायचा नि फवारायचा. आणि गंमत अशी, की मावा, म्हणजे पानांखालची बारीक कीड, खरंच मरायचा. का नाही मरणार? तंबाखूतलं निकोटीन जालीम विष आहे. किड्याच्या नसांवर ते बसतं नि किडा लुळा पडतो. माणसाच्या नसा काही वेगळ्या कारखान्यात बनत नाहीत. पण हे सांगणारा औषधवाला आणि न सांगणारा मऊ आवाजाचा. लोकांनी कुणाचं ऐकायचं ते आधीच ठरलेलं.

रासायनिक फवारणीच्या काळात ताई रेनकोट, चष्मा, मास्क, कोपरापर्यंत हातमोजे घालून अशी निघायची, की दाजी, तिचा नवरा, म्हणायचे, "निघाली चंद्रावर." काढा आला तसं ते सगळं माळ्यावर गेलं. पिंपात ती कोपरापर्यंत हात घालून ढवळायची. हाताची ऊब लागली की काढा जिवंत होतो, असं सर सांगायचे. मळमळायचं, डोकं धरायचं. सर म्हणायचे, जुनी रसायनं अंगातून बाहेर पडताहेत, चांगलं लक्षण आहे. टोमॅटोच्या पानांवर फिकट ठिपके पडले, पानं आकसली. तंबाखूतून टोमॅटोला रोग लागतो, हे पदविकेच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. सर म्हणाले, रोपातलीही रसायनं बाहेर पडताहेत. एकदा का एवढं उत्तर हाताशी आलं, की मग आजारपण काय नि मरण काय, सगळंच चांगलं लक्षण.

मग एका दुपारी ताई पॉलीहाऊसमध्ये फवारत होती. वारा सुटला म्हणून बाजूचे प्लास्टिकचे पडदे खाली सोडलेले, हवा आत कोंडलेली. पाठीवरचा पंप गळत होता. पाठ, कंबर चिंब. बाहेर आली, भडाभडा ओकली आणि खाटेवर पडली. ऊन बाधलं म्हणून दाजींनी साखरपाणी दिलं. ती कापायला लागली, तसं वर ब्लँकेट घातलं. अंगावर तेच ओले कपडे. दवाखान्यात नेईपर्यंत तिला झटके येत होते, आणि मग श्वास थांबला.

डॉक्टरीणबाईंनी धाकट्याला बाजूला घेतलं. "तंबाखू खायच्या का त्या? ओढायच्या?"

"छे हो! कुणी बिडी पेटवली तर उठून बाहेर जायची ती."

"मग रक्तात एवढं निकोटीन आलं कुठून?"

 धाकटा बाहेर आला, आता दाजींना सांगायचं म्हणून. दाजी बाकावर बसलेले. आयुष्यभर शाळेचे गणवेश शिवलेला माणूस, सुईशिवाय हातात काही शोभायचं नाही. धाकट्याला पाहून ते स्वतःच बोलायला लागले.

"मेहुणे, या खेपेचा काढा मी केला होता बघा. पहिल्यांदाच. तिला म्हटलं, दमतेस, एवढं तरी मी करतो. सिगारेटच्या कारखान्यातला चुरा आणला. आणि घातला चांगला सढळ हातानं, म्हटलं परत परत फवारायला लागू नये तिला. शिवणीत मी माया जास्तच सोडतो की, पोरं वाढतात म्हणून. तसंच म्हटलं. खूश झाली हो ती. म्हणाली, काय रंग आलाय!"

 "हृदय बंद पडलं, दाजी," धाकटा म्हणाला. खोटं नव्हतं. सगळ्यांचंच बंद पडतं.

एकदा गिळलेलं वाक्य असं घशात बसतं, की पुढे रोज गिळावं लागतं. धाकटा रोज गिळत राहिला. तोवर सरांनी आपलं कारण शोधून काढलं होतं: शेजारच्या मळ्यातली फवारणी वाऱ्यानं आली आणि अंगात साठलेल्या जुन्या रसायनांनी उचल खाल्ली. 'रसायनांनी घेतलेला बळी' असा व्हिडिओ केला, मागे करुण बासरी. शेजारच्या मळेवाल्याशी लोक बोलेनासे झाले. दाजींनी तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिला की बासरी पाठ झाली. त्यांना धरायला काहीतरी मिळालं होतं. ते कशाला सोडवायचं, असं धाकटा स्वतःला सांगत होता.

आज तो आला तो कोपऱ्यात बसून ऐकायचं आणि गुपचूप घरी जायचं, असं ठरवून. चहा कुठे मिळतोय म्हणून पॅकिंगच्या खोलीत डोकावला आणि जागीच थिजला.

भाची पिंपातून बाटल्या भरत होती. उघड्या हातांनी. मनगटापर्यंत तपकिरी पाणी. बाटलीवर ताईचा हसरा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत: 'ताईंचा काढा'.

"हे काय चाललंय?"

"सरांची कल्पना. येईल त्याला एक बाटली. आईची आठवण म्हणून." भाचीनं मान वर केली नाही. "बाबांनी केलाय सगळा. दोन दिवस राबताहेत. पहिल्यांदाच नीट जेवले काल."

"हात बाहेर काढ. धू आधी."

"मामा, आज नको ना रे तुझं दुकान."

"धू म्हणतो ना!"

तो इतक्या जोरात ओरडला की तिच्या हातातलं नरसाळं पडलं. "आई काढ्याला कधी हातमोजे घालायची का?" ती म्हणाली.

"नव्हती घालत. म्हणून तर..." तो थांबला.

"म्हणून तर काय?"

खिडकीच्या काचेतून बाहेर दाजी दिसत होते. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून खुर्च्या एका रेषेत लावत होते. एक जराशी वाकडी होती, ती परत येऊन सरळ केली. धाकट्यानं खोलीचं दार लोटलं आणि डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते एका दमात सांगून टाकलं.

भाची ऐकत होती. डोळ्यांत पाणी नाही, नुसता संताप.

"बाईच्या हाताला फोड आले तेव्हा काय म्हणालास? काही होत नाही. आम्ही लहान असताना फवारलेल्या मळ्यात खेळायचो तेव्हा? काही होत नाही. आणि आता पाल्याच्या पाण्यानं माणूस मरतं म्हणतोस! मामा, तुझं कधी ऐकायचं ते तरी एकदा सांगून ठेव."

 "माझं नको ऐकूस," तो म्हणाला. "डॉक्टरीणबाईंना विचार. आत्ता फोन लाव. पण आधी हात धू."

ती त्याच्याकडे बघत राहिली. माणूस खोटं बोलताना कसा दिसतो हे तिला मामाच्या बाबतीत चांगलं माहीत होतं, आणि आत्ता तो तसा दिसत नव्हता. ती नळाखाली गेली, साबण घेतला. हात चोळता चोळता एकाएकी थांबली.

"आई दोन वर्षं करत होती की काढा. तिला तेव्हा नाही झालं." पाणी वाहत होतं. "त्या दिवशीचा बाबांनी केला होता."

धाकट्यानं तिच्यापुढे टॉवेल धरला.

"मामा. बाबांनी केला होता."

"नळ बंद कर," तो म्हणाला. 

ती तिथंच ओट्याला टेकून खाली बसली. थोड्या वेळानं उठली तेव्हा तिनं सगळं ठरवलेलं होतं. अगदी आईवर गेलेली पोरगी. "बाबांना सांगायचं नाही. त्यांना कळलं तर ते उरणार नाहीत. बाटल्या मी इथंच ठेवते, सांगते पिंप सांडलं म्हणून. आतून कडी लावते. तू बाहेर जा नि..."

"भरलेली खोकी कुठायत?" धाकट्यानं विचारलं. कोपऱ्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांची रांग असावी तिथं नुसती ओल उमटलेली होती.

भाचीचा चेहरा उतरला. सरांची माणसं मघाशीच खोकी घेऊन गेली होती.

बाहेर सर बोलायला उभे राहिले होते. आवाज असा, की ऐकणाऱ्याला आपल्या आजोळी आल्यासारखं वाटावं. ताई कशा मातीशी बोलायच्या, रोपं त्यांना कशी ओळखायची. ताईनं जन्मात रोपाशी गप्पा मारल्या नव्हत्या. ती रोपाला शिव्या द्यायची, आणि वेळेवर पाणी द्यायची. पण मेलेल्या माणसाला लोक तोंडी घालतील ती वाक्यं बोलावी लागतात. खुर्च्यांच्या रांगांतून बाटल्या हातोहात पुढे सरकत होत्या. एका आजीबाईनं झाकण उघडून वास घेतला नि शेजारणीला दिला. पुढच्या खुर्चीवर दाजी, मांडीवर हात, लग्नात वधूपिता बसतो तसे.

"कसलीही भीती नको," सर म्हणत होते. "हवं तर हात बुडवा, लेकराच्या अंगाला लागू द्या. हे विष नाही, ही ताईंची..."

"विष आहे!"

धाकट्याला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही. सगळ्या माना मागे वळल्या. "विष आहे ते. निकोटीन आहे त्यात. कातडीतून आत जातं. ताईच्या रक्तात सापडलंय, डॉक्टरांनी मला सांगितलंय. बाटल्या खाली ठेवा. हाताला लागलं असेल त्यांनी आत्ता धुवा. मी हात जोडतो."

 मग कुणीतरी हसलं. "दुकानवाले आहेत हे," दुसऱ्यानं शेजाऱ्याला सांगितलं, आणि ते सगळ्या रांगांतून फिरून आलं.

सर रागावले नाहीत. असली माणसं रागावत नाहीत, तीच तर त्यांची कमाई. "भाऊ आहेत ते ताईंचे," सर म्हणाले. "दुःखात माणूस बोलतो. शिवाय आपल्यामुळे त्यांचं गिऱ्हाईक तुटतंय, तेही आपण समजून घेऊ." टाळ्या पडल्या. शोकसभेत! "पण माझा एकच साधा प्रश्न आहे. ताईंनी दोन वर्षं हाच काढा वापरला. हातानं ढवळला. काही झालं का? नाही. मग त्याच दिवशी कसं झालं? त्या दिवशी असं काय वेगळं होतं? सांगा ना. तुम्ही शास्त्र शिकलेले!"

उत्तर धाकट्याच्या जिभेवर होतं. ते उत्तर पुढच्या खुर्चीवर पांढरा सदरा घालून बसलं होतं, आणि मान वळवून त्याच्याकडेच बघत होतं. दाजींच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मेहुण्यानं सरांना चांगलं उत्तर द्यावं, अशी आस असल्यासारखे ते बघत होते.

धाकट्यानं नजर खाली वळवली.

तेवढं पुरलं. आयुष्यभर गिऱ्हाईकाच्या डोळ्यांकडे बघून कपडा बसला की नाही ते ओळखणारा माणूस तो. दाजी हळूहळू उभे राहिले. खुर्चीची पाठ धरली.

"त्या दिवशी मी केला होता," ते म्हणाले. सरांना नव्हे, धाकट्याला. "चुरा जास्त घातला होता मी. हो ना, मेहुणे? त्यानं झालं?"

"दाजी, घरात चला."

"त्यानं झालं का तेवढं सांगा."

"अहो, पाल्याला कमी-जास्त नसतं!" सर घाईनं म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरासा फाटला. "दाजी, तुम्ही बसा. मनाला लावून घेऊ नका. दोन मिनिटं शांत उभे राहू आणि आटोपतं घेऊ."

दोन मिनिटं कुणी उभं राहिलं नाही. लोक पर्स, फोन, चपला गोळा करत कुजबुजत उठले. भांडणाच्या घरातून निघतात तसे. आणि प्रत्येकाच्या हातात बाटली होती. कारण फुकटची वस्तू टाकून जायला माणसाला फार मोठं कारण लागतं, आणि औषधवाल्याचं ओरडणं हे काही तेवढं मोठं कारण नव्हे. धाकटा फाटकात आडवा झाला. "बाटली ठेवा, काकू. ओ साहेब, ऐका." काकूंनी बाटली पदराखाली घेतली. साहेबांनी त्याच्या खांद्याला धक्का मारला. "तुमच्या डब्यांतलं काय अमृत असतं होय?" एकजण म्हणाला, आणि त्यात निम्मं खरं होतं म्हणून ते जास्तच लागलं.

तेव्हा गर्दीतून दाजी पुढे आले. सदरा खोचलेला, पाय अनवाणी. पहिल्या गाडीच्या खिडकीशी वाकले.

"ती बाटली परत द्या, बाई. त्यानंच माझी बायको गेली. मी केला होता. मी मारली तिला."

गाडीतली बाई पांढरीफटक पडली. बाटली खिडकीतून बाहेर आली. दाजींनी ती भिंतीच्या कडेला नीट उभी ठेवली आणि दुसऱ्या गाडीकडे गेले.

"बाटली द्या. मी मारली माझ्या बायकोला."

दुसरीही आली. तिसरी. डॉक्टरांचं म्हणणं, पदविका, हात जोडणं, कशानं जे झालं नाही ते या एका वाक्यानं व्हायला लागलं. नवरा स्वतःला खुनी म्हणवून घेईपर्यंत लोकांना एक बाटली सुटत नव्हती! सर आपल्या गाडीत कधी बसले आणि गेले, कुणाला कळलंही नाही. फाटकाशी गाड्यांची रांग लागली होती आणि दाजी एकेका काचेशी वाकत तेच तेच म्हणत होते. सुरुवातीला वाक्य मध्येच तुटत होतं. मग ते सरळ, नाव-पत्ता सांगितल्यासारखं यायला लागलं.

भाची धावत आली. "मामा, थांबव त्यांना! खरंच तसं आहे का? बाबांच्या जास्तीच्या चुऱ्यानंच?"

धाकट्याला एवढंच खरं ठाऊक होतं, की ते कुणालाच ठाऊक नाही. चुऱ्याच्या पोत्यात किती निकोटीन होतं, कुणी मोजलं नव्हतं. पंप गळत होता. पडदे खाली होते. ओले कपडे अंगावरच राहिले. सरांच्या मापानं केला असता तरी त्या दिवशी ती वाचली असती की नाही, हे जगातली कुठलीही प्रयोगशाळा आता सांगू शकणार नव्हती. शास्त्राला धरून बोलायचं, तर दाजींना जाऊन सांगायला हवं होतं: असं म्हणू नका, तुम्ही मारलं असं सिद्ध होत नाही. हे वाक्य एखाद्या बुडत्या माणसाला हात दिल्यासारखं झालं असतं.

पण ते सांगितलं, की बाटल्या गाडीतच राहणार. त्या आजीबाईच्या, त्या काकूंच्या, कुणाकुणाच्या घरी जाणार, कुठल्या पिंपात उघडा हात बुडणार.

"मामा, सांग ना."

"थांब जरा," तो म्हणाला.

"कशासाठी थांबू?"

रांगेत अजून गाड्या होत्या. दाजी पुढच्या काचेवर बोटानं टकटक करत होते. काच खाली यायला वेळ लागला. मग आली, आणि धाकटा गप्प उभा राहून ऐकत राहिला.